डिंकाची परीक्षा

कादंबरी साभार परत आली, तेव्हा चष्मेवाले एका आजोबांना भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची ओळ वाचायला लावत होते. कुरिअरवाल्याने पाकीट काउंटरवर धपकन टाकले आणि चष्मेवाल्यांनी न बघताच ओळखले. नाकारलेल्या कादंबरीचा आवाज त्यांना पाठ झाला होता. स्वीकारलेल्या कादंबरीचा आवाज कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हते, पण कादंबरी स्वीकारली तर ती परत कशाला येईल, हेही तितकेच खरे.

"आजोबा, जवळचं उद्या बघू. आज लांबचं दिसतंय एवढ्यावर समाधान माना," असे म्हणून त्यांनी आजोबांना खुर्चीवरून उठवून बाहेर पोचवले, दाराला आतून कडी घातली आणि हसतमुखाने पाकीट फोडायला घेतले.

हसतमुखाने म्हणजे अगदी खरोखर. चष्मेवाले आता नकाराने खचत नसत. पूर्वी खचत. पहिल्या नकाराला ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. दुसऱ्या नकारानंतर त्यांनी त्या प्रकाशकाची पुस्तके विकत घेणे बंद केले. प्रकाशकाला ते कळले नाही, एवढाच काय तो तोटा. तिसऱ्या वेळी त्यांनी टायपिंग करणाऱ्याला झापले. चौथ्या वेळी त्यांना डिंक सुचला.

युक्ती साधी होती. बाड पाठवण्यापूर्वी एकशे बारा आणि एकशे तेरा या पानांच्या मध्ये, खालच्या कोपऱ्यात, डिंकाचा एक थेंब. कादंबरी परत आली की सरळ तो कोपरा बघायचा. पाने चिकटलेलीच असली, तर कुणी एकशे तेराव्या पानापर्यंत पोचलेले नाही, हे सिद्ध. आणि पाने नेहमी चिकटलेलीच असत. मग कसला नकार आणि कसले काय? न वाचलेल्या कादंबरीत दोष असूच शकत नाही. चष्मेवाले शांतपणे नवी प्रत काढत आणि पुढच्या प्रकाशकाकडे धाडत.

हा शोध त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. गावात समदुःखी होतेच. दातांचे डॉक्टर एक रहस्यकथा घेऊन बसले होते. तिच्यातला खुनी दातांच्या ठशांवरून सापडत असे आणि तो पहिल्याच पानावर सापडत असे. निवृत्त हेडक्लार्कांचे आत्मचरित्र दोन खंडांचे झाले होते आणि तरी त्यांना अजून नोकरी लागायची होती. शिकवणीच्या बाईंकडे कवितांचा इतका साठा होता, की त्या उचलताना दम लागे. डिंकाने या चौघांना एकत्र आणले आणि 'साभार मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष अर्थातच चष्मेवाले.

तर त्या दिवशी अध्यक्षांनी पाकीट फोडले, सवयीने बाडाच्या मध्यावर बोट घातले आणि पान उलटले. एकशे बारा गेले. एकशे तेरा आले. सुटे, मोकळे, विनातक्रार.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान सुटेच होते. कोपऱ्यात डिंकाचा सुकलेला डाग तेवढा दिसत होता. पान कुठे फाटलेले नव्हते, ओढाताण नव्हती. कुणीतरी अगदी हळुवार हाताने ते सोडवले होते.

"वाचलंय," चष्मेवाले रिकाम्या दुकानाला म्हणाले. "कुणीतरी वाचलंय. आणि वाचून परत पाठवलंय!"

इतकी वर्षे ज्या एका गोष्टीच्या जोरावर ताठ मानेने जगलो, तिचाच कणा मोडला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोलाही काही सांगितले नाही. बायकोने विचारले, "आलं का परत?" तेव्हा ते म्हणाले, "आलं," आणि ती म्हणाली, "असू दे हो. छान आहे तुमची कादंबरी." ती नेहमीच असे म्हणे. घरच्या माणसाचे मत चष्मेवाले कधी धरत नसत. घरच्यांना म्हणावेच लागते.

खरी पंचाईत वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मंडळाची बैठक. परत आलेले बाड बैठकीत सर्वांसमक्ष तपासले जाई, हा नियमही अध्यक्षांनीच केलेला. चहा होईस्तोवर थांबून ते हळूच आतल्या खोलीत गेले. पान पुन्हा चिकटवून टाकायचे, बस्स. पण घरातली डिंकाची बाटली सुकून खडखडीत झालेली. मग त्यांना खिशात चष्म्याच्या मोडक्या काड्या जोडायची ट्यूब सापडली. एक थेंब टाकला, कोपरा अंगठ्याने दाबून धरला, मनात वीसपर्यंत मोजले. पान चिकटले. अंगठाही चिकटला.

"अगं ए!"

बायको आली. नवरा एकशे तेराव्या पानाला अंगठ्याने लटकलेला.

"हे काय नवीन?"

"काही नाही. जरा दुरुस्ती करत होतो."

"कादंबरीची?" बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, केलीत एकदाची सुरुवात!"

याचा अर्थ विचारण्याच्या परिस्थितीत चष्मेवाले नव्हते. कोमट पाणी, तेल, फुंकर, सगळे झाले. शेवटी अंगठा निघाला, पण अंगठ्याची थोडी सालटी अध्यक्षांच्या वतीने पानातच राहिली.

मंडळाची बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात भरे. तिथली मुख्य खुर्ची आडवी करून तिच्यावर बाड निजवले जाई. डॉक्टर वरचा दिवा ओढत, छोटा आरसा घालून कोपरा तपासत आणि मग अणकुचीदार हत्याराने पाने अलगद सोडवून जाहीर करत, "अस्पर्श!" त्यावर टाळ्या, मग चहा-बिस्किटे. टाळ्यांत कोणी कुचराई करत नसे, कारण उद्या आपलीही पाळी असे.

आज डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"हं," डॉक्टर म्हणाले. "हे जरा वेगळं वाटतंय."

"काय वेगळं?" चष्मेवाल्यांनी विचारले. उजवा हात त्यांनी आल्यापासून खिशातच ठेवला होता.

"हे पान एकदा निघालंय आणि परत बसवलंय."

"काहीतरीच काय!"

"अहो, जन्म गेला माझा लोकांच्या तोंडात बघण्यात. बसवलेलं मला कळणार नाही होय?" डॉक्टरांनी हत्यार चालवले. कर्रकन आवाज झाला. "हे बघा. खाली जुना डिंक, वर नवं काहीतरी. आणि हे… अरेच्चा! ही तर कातडी आहे. माणसाची!"

हेडक्लार्क पुढे वाकले. "म्हणजे सदर पान वाचून, वर वाचणाऱ्याने अंगठाही उठवलेला दिसतो."

शिकवणीच्या बाई मात्र बाडाकडे बघतच नव्हत्या. वर्गात कॉपी करणारा पोरगा त्या पाठमोऱ्या ओळखत. "अध्यक्ष, हात दाखवा," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी डावा हात दाखवला.

"दुसरा."

दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. चहाचे पाणी उकळून उतू गेले, तरी कुणी उठले नाही.

"सांत्वन करावं का राजीनामा मागावा, तेच कळत नाही," शेवटी हेडक्लार्क म्हणाले. "आपलं मंडळाचं धोरण आहे, की नाकारलं म्हणजे वाचलेलं नाही. आता तुमचं वाचलंही गेलं आणि नाकारलंही गेलं. म्हणजे उघडच…"

"पुढचं वाक्य नका हो पुरं करू," बाई म्हणाल्या. "त्यांच्या मनात झालंय ते पुरं." आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात चष्मेवाल्यांना अंगठ्याहून जास्त झोंबला.

"हा कट आहे!" ते ताडकन उठले. "पानं प्रवासात सुटली असतील. कुरिअरवाल्याने बाड उन्हात ठेवलं असेल. मी प्रकाशकाकडून लेखी आणतो, की माझी कादंबरी त्यांच्याकडे कुणीही वाचलेली नाही!"

"लेखी असेल तर चालेल," हेडक्लार्कांनी मान डोलावली. "पण साक्षीदार लागतील."

असे ते चौघे सोमवारी सकाळी प्रकाशकांच्या कार्यालयात जाऊन धडकले. जिना अरुंद, त्यात प्रत्येक पायरीवर न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. चौघांच्या हातात आपापल्या पिशव्या होत्या. प्रकाशक टेबलामागे बसून दातकोरणे शोधत होते. चष्मेवाल्यांनी बाड त्यांच्यासमोर आपटले.

"हे तुमच्याकडे वाचलं गेलंय!"

प्रकाशकांनी आजवर लेखकांच्या अनेक शिव्या खाल्ल्या होत्या, पण हा आरोप त्यांच्यावर प्रथमच होत होता. ते उभेच राहिले.

"शक्य नाही. अहो, एवढी वर्षं धंदा करतोय. आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत."

"मग पान कसं सुटलं?"

"ते मला माहीत नाही. पण देवाशप्पथ सांगतो, आम्ही वाचत नाही. वाचत बसलो तर छापायचं कधी? बाड आलं की आम्ही नाव बघतो, जाडी बघतो, नोंद करतो आणि पंधरा दिवस कपाटात ठेवून साभार परत करतो. पंधरा दिवससुद्धा का, तर लगेच परत केलं की तुम्हा लोकांना वाईट वाटतं म्हणून."

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वळून तिघांकडे बघितले. "ऐकलंत? ऐकलंत ना?"

"तोंडी झालं. लेखी द्या," हेडक्लार्क म्हणाले.

"देतो की! एकदा काय, दहांदा देतो," प्रकाशक म्हणाले आणि त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "संपादिकाबाई, जरा एक पत्र करा. 'आपली कादंबरी आमच्या कार्यालयात कोणीही वाचलेली नाही, याची आम्ही हमी देतो.' खाली माझी सही, आणि तुमची."

आतून एक मध्यमवयीन बाई आल्या. हातात चहाचा कप, कपाळावर चढवलेला चष्मा. टेबलावरचे बाड बघून त्या थबकल्या.

"यावर मी सही नाही करणार," त्या म्हणाल्या. "मी वाचलंय हे."

प्रकाशक मटकन खाली बसले. "तुम्ही? कामाच्या वेळात?"

"घरी नेऊन."

"अहो, पण कशासाठी?"

"सुरुवात केली होती सहज. मग पुढे काय होतं ते बघावंसं वाटलं."

चष्मेवाल्यांच्या कानांत हे वाक्य शिरले आणि तिथेच बसले. पुढे काय होतं ते बघावंसं वाटलं! ते काय करायला आले होते, तेच ते विसरले. मंडळ, धोरण, लेखी हमी, सगळे त्या अरुंद जिन्यावरून गडगडत खाली गेले. एका परक्या माणसाला, कुणी न सांगता, त्यांच्या कादंबरीत पुढे काय होते ते बघावेसे वाटले होते.

"बसा ना," ते प्रकाशकांच्याच कार्यालयात संपादिकेला म्हणाले आणि प्रकाशकांचीच दुसरी खुर्ची त्यांनी पुढे केली. "मग? पुढे?"

"ते भिंगतज्ज्ञ आहेत ना तुमचे, ज्यांची प्रतिभा जगाला कळत नाही…"

"काल्पनिक आहेत ते," चष्मेवाले घाईने म्हणाले.

"हो, ते लक्षात आलं. त्यांचा डावा पाय अधू आहे. साठाव्या पानावर उजवा होतो. पण मी म्हटलं, असेल, माणूस थकतो. वाचत राहिले. आई फार चांगली जमलीय. चाळीसाव्या पानावर ती जाते तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं थोडा वेळ."

चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले.

"मग पानं चिकटलेली लागली. मी चहाच्या वाफेवर धरून सोडवली. आणि एकशे तेराव्या पानावर आई दार उघडते आणि त्याला जेवायला वाढते."

"हो. तो प्रसंग मी…" चष्मेवाले थांबले. "कोण उघडतं?"

"आई. चाळीसाव्या पानावर गेलेली."

हेडक्लार्कांनी खोकल्यासारखे काहीतरी केले. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"मला फार अवघडल्यासारखं झालं हो," संपादिका म्हणाल्या. "मला वाटलं, चूक तुमच्या लक्षात आली असणार. पान परत लिहायला वेळ नसेल, म्हणून तुम्ही ते चिकटवून टाकलं असणार. माणसाने झाकून ठेवलेलं आपण उघडलं, असं वाटून मी तिथेच थांबले आणि परत पाठवून दिलं. पानं परत चिकटवायची राहिली, तेवढं चुकलंच माझं."

चष्मेवाल्यांनी बाड उचलले, "आभारी आहे," म्हणाले, आणि ते खरोखरच आभारी होते, त्यामुळे त्यांना आणखीच लाज वाटली. प्रकाशक मागून ओरडून सांगत होते, की यापुढे असे होणार नाही, कार्यालयात सक्त ताकीद दिली जाईल.

चौघे जिना उतरले. खालच्या पायरीवर हेडक्लार्क थांबले. "माझा रुमाल वर राहिला वाटतं. तुम्ही व्हा पुढे," असे म्हणून ते परत चढले. दोनच मिनिटांत डॉक्टरांना आठवले, की प्रकाशकांच्या दातांत काहीतरी अडकलेले होते आणि वैद्य म्हणून आपण ते बघायला हवे. बाईंनी कारणसुद्धा सांगितले नाही. "आलेच," म्हणाल्या.

चष्मेवाले थोडा वेळ खाली उभे राहिले. मग त्यांनाही राहवेना. ते वर गेले आणि दाराच्या काचेतून त्यांनी आत बघितले. संपादिकेच्या टेबलापुढे साभार मंडळ रांगेत उभे होते. पिशव्यांतून बाडे बाहेर आली होती. हेडक्लार्क दोन्ही खंड छातीशी धरून अदबीने वाकले होते. बाई तर केसातली पिन काढून, जीभ दाताखाली धरून, आपल्या कवितांमधला डिंक घाईघाईने खरवडत होत्या.

"सवडीने वाचा हो," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणत होते. "परत केलंत तरी चालेल. पण वाचून परत करा."

चष्मेवाल्यांना हसू आले, आणि का कोण जाणे, थोडा मत्सरही वाटला. त्यांनी दुकान उघडलेच नाही. ते थेट घरी गेले.

बायको इस्त्री करत होती. अवेळी आलेला नवरा, हातातले बाड आणि त्याचा चेहरा बघून तिने पलंगावरचे कपडे सरकवून त्याला जागा केली. चष्मेवाले पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, एक भयंकर गोष्ट झालीये. चाळीसाव्या पानावर आई जाते ना…"

"आणि पुढे जेवायला वाढते," बायको म्हणाली. "त्याचं काय?"

"तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? वाचलीय ना मी."

"कधी?"

"सगळ्यात आधी तुम्ही दिली होतीत तेव्हा. मग तुम्ही दर वेळी नवी प्रत काढायचात, म्हटलं काही बदललं असेल, म्हणून दर वेळी. तुम्ही पानं चिकटवायच्या आधी, दुपारच्या वेळी." तिने सदऱ्याची कॉलर उलटली. "बदललेलं काहीच नसायचं."

डझनभर प्रकाशक, एक मंडळ आणि डिंकाच्या किती बाटल्या, एक वाचणारा माणूस शोधण्यासाठी! आणि ही बाई दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. त्यांना तिचे कौतुक वाटले, आणि त्याच दमात रागही आला.

"मग बोलली का नाहीस? आई मेलेली आहे, एवढं तरी सांगायचंस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारायचात, 'छान आहे ना?' मी म्हणायचे, 'छान आहे.' आणि मला वाटलं, ते तुम्ही मुद्दामच केलंय. आईचं जाणं तुम्ही अर्ध्या पानात उरकलंत. तिचं वाढणं मात्र दोन पानं. म्हटलं, याला आई नसलेली चालतेय, पण जेवण चुकलेलं चालत नाही. स्वभावाला धरूनच आहे."

"तो काल्पनिक आहे."

"हो का?" बायको म्हणाली आणि तिने बाही ताणून तिच्यावर इस्त्री फिरवली.

चष्मेवाल्यांनी बाडाचे पहिले पान उलटले. मग त्यांनी आजवर कुणालाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"तुला आवडली का गं? खरं सांग."

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केले. म्हणजे प्रकरण गंभीर होते.

"खरं सांगू? आई आवडली. ती जिथे जिथे येते ना, तिथे मी तीच पानं पुन्हा पुन्हा वाचलीयत. तिचंच लिहा की सगळं."

"आणि भिंगतज्ज्ञ?"

"तो कशाला हवाय?"

"अगं, नायक आहे तो!"

"तो नुसता खिडकीत उभा राहतो आणि जगाला आपण कळत नाही म्हणतो. बायको चहा घेऊन येते, तिला एक नाव तरी द्यायचंत? 'पत्नी आत आली', 'पत्नी बाहेर गेली'. अहो, ती आत येऊन काय बघते, बाहेर जाऊन काय करते, काही आहे का त्यात? शिवाय ते धुक्याचं वर्णन. शिवाय एकशे तीसपासून पुढे तर…"

चष्मेवाल्यांनी पट्टी बांधलेला अंगठा वर केला.

"बास. आज एवढं पुरे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "एका दिवसात इतकं वाचलं जाण्याची मला सवय नाही."

"बरं," बायको म्हणाली आणि तिने इस्त्रीचे बटण पुन्हा लावले. "राहिलेल्या पानांचं उद्या सांगते. दुकानातून जरा लवकर या."